दुसऱ्या सकाळचा खराटा



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय दुसरा, श्लोक ५९, आणि त्यावरच्या ज्ञानेश्वरीतल्या ओव्या.

आधी अर्थ साध्या शब्दांत. माणसानं एखादा विषय तोंडाला लावायचा बंद केला की तो विषय त्याच्यापासून दूर होतो, पण त्याची गोडी आत तशीच राहते. ती गोडी जाते ती त्याहून मोठं काहीतरी दिसल्यावर. माउलींनी इथं झाडाचा दाखला दिलाय. वरून पालवी खुडत राहायची आणि खाली मुळाला पाणी घालत राहायचं, तर ते झाड मरणार कसं?

हा श्लोक मी बऱ्याचदा उपवासाच्या संदर्भात ऐकला होता. या वेळी वाचताना मात्र दारू सोडलेली माणसं डोळ्यांसमोर आली. सोडतानाची नाहीत, सोडून चार-सहा महिने झालेली. सोडतानाचा काळ सगळ्यांना माहीत असतो. घरात आनंद असतो, आई दृष्ट काढते, बायको शेजारणीला सांगते, फोनवरच्या ॲपमध्ये दिवसांचा आकडा वाढत जातो. झोप सुधारते, चेहरा उजळतो, खिशात पैसे उरतात. मग एक दिवस सगळ्यांना सवय होते. कौतुक थांबतं. आकडा शंभरावरून एकशे एक होतो आणि त्यात विशेष काही वाटत नाही. संध्याकाळचे सात तेव्हाही वाजतातच. पालवी खुडलेली असते, मूळ जिवंत असतं.

आमच्या धंद्यात याला जवळचा एक अनुभव आहे. रिलीजच्या रात्री सगळी टीम जागी असते, पिझ्झा येतो, मॅनेजर शाबासकी देतो. नंतर तेच सॉफ्टवेअर पुढची आठ वर्षं कोणीतरी एकजण सांभाळत बसतो. त्याच्यासाठी पिझ्झा येत नाही. खरं काम मात्र त्या आठ वर्षांचं असतं.

या श्लोकावर विचार करताना मला शास्त्री-पंडितांपेक्षा एक निरक्षर माणूस जास्त उपयोगी पडला. म्हणून आज त्यांचं चरित्र सांगतो. गाडगेबाबा. आपल्याला ते स्वच्छतेच्या पोस्टरवरून माहीत असतात. दारूशी त्यांचा संबंध किती जवळचा होता, हे पोस्टरवर येत नाही.

दारुड्याचा मुलगा

देबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. परिटाचं घर. वडील झिंगराजी, आई सखुबाई. घर खाऊनपिऊन बरं होतं. पण त्या काळच्या जातरिवाजात नवस म्हटला की बोकड आला आणि बोकड म्हटला की बाटली आली. देवाच्या नावानं घोट घ्यायचा आणि मग देव बाजूला राहून घोट तेवढा उरायचा. झिंगराजींचं तसंच झालं. दारूनं त्यांना धरलं, घर खचलं, शरीर पोखरलं गेलं. १८८४ साली ते गेले. देबू तेव्हा आठेक वर्षांचा होता.

चरित्रांतून असं सांगितलं जातं, की शेवटी झिंगराजींना फार पश्चात्ताप झाला आणि आपल्या मुलाला या वाटेपासून दूर ठेव, एवढंच त्यांनी सखुबाईंकडे मागितलं. या प्रसंगी मी प्रत्येक वेळी थांबतो. मरणाच्या दारात केलेला निश्चय शंभर टक्के खरा असतो, पण तो पाळायला पुढची सकाळच मिळत नाही. झिंगराजींचा निश्चय पाळायचं काम त्यांच्या बायकोवर आणि मुलावर आलं. मुलानं तो पुढची बहात्तर वर्षं पाळला.

सखुबाई देबूला घेऊन माहेरी गेल्या. मूर्तिजापूर तालुक्यातलं दापुरे, भाऊ चंद्रभानजींचं घर. देबू गुरं राखायला लागला, मग नांगर धरायला लागला. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नाही. अंगमेहनत मात्र अशी, की गावानं नाव काढावं. दिवसभर शेत आणि रात्री भजन. त्या भजनाकडे जरा लक्ष द्या. गावातली तरुण पोरं दिवस मावळल्यावर कुठं बसणार, हा प्रश्न तेव्हाही होता. देबूनं त्यांच्यासाठी बसायची दुसरी जागा तयार केली. नुसतं बसू नका म्हणून भागत नाही, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. वडील गमावलेल्या मुलाला ते आपोआप कळलं असावं.

मामांच्या जमिनीवर सावकाराचं कर्ज होतं. फेडूनही ते फिटत नव्हतं, कारण कागदावर काय लिहिलंय ते घरात कुणालाच वाचता येत नव्हतं. जमीन गेली आणि त्या धक्क्यानं मामाही गेले. सावकार ताबा घ्यायला आला तेव्हा देबूजी नांगर सोडून हलले नाहीत, अशी हकिकत प्रसिद्ध आहे. पुढं आयुष्यभर कीर्तनातून ते तीन गोष्टी पुन्हापुन्हा सांगत राहिले: कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, पोरांना शाळेत घाला. हे तिन्ही त्यांनी स्वतःच्या घरात जळताना पाहिलं होतं.

बारशाचे लाडू

१८९२ मध्ये कुंताबाईंशी लग्न झालं. पहिली मुलगी झाली. बारशाला जातीचं जेवण द्यायचं म्हणजे मटण आणि दारू, हे ठरलेलं. देबूजींनी बुंदीचे लाडू आणि गोड जेवण केलं. पंगतीत कुरबुर झाली, भाऊबंद चिडले. आज वाचताना आपल्याला हा छोटासा प्रसंग वाटतो. पण ज्यानं कधी भावकीच्या लग्नात ग्लास परत केलाय, त्याला विचारा. आपण नाही म्हणालो की समोरच्याला तो स्वतःचा अपमान वाटतो. एकदा घे, आजच्या दिवस घे, मुलीचं बारसं आहे, असा आग्रह होतो. तो आग्रह करणारे दुष्ट नसतात, आपलेच असतात.

देबूजींनी भांडण केलं नाही, नुसतं नाही म्हणून ताट रिकामंही ठेवलं नाही. दारूच्या जागी लाडू ठेवला. आलेल्या माणसाला उपाशी परत पाठवायचं नाही, ही त्यांची रीत तिथून पुढं पक्की झालेली दिसते.

खराटा

१ फेब्रुवारी १९०५. वय अठ्ठावीस. देबूजींनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि गाडग्याचं खापर. त्याच खापरात भाकरी खायची, त्यातच पाणी प्यायचं. त्यावरून लोकांनी नाव ठेवलं गाडगेबाबा.

गावात शिरले की आधी झाडायला लागायचे. ओळख नाही, सत्कार नाही. कुणी वेडा समजायचे, कुणी हाकलायचे. झाडून झालं की कुणाच्या तरी दारी भाकरी मागायची. रात्री कीर्तन. लोकांशी वऱ्हाडी बोलीत प्रश्नोत्तरं, हसवणं, मध्येच रडवणं. देवाला बोकड कापता, मग देव तुमचा कोण लागतो, अशा अंगानं विचारत विचारत ते माणसाला त्याच्याच तोंडून उत्तर द्यायला लावायचे. दारूवर तर हमखास बोलायचे. पहाटे पुढच्या गावाला निघून जायचे.

मी अडलो ते इथंच. कीर्तनाची रात्र भारलेली असते, हजारो माणसं जमलेली असतात. त्या भरात कुणी मनातल्या मनात शपथ घेतली असेल. पण बाबा तर सकाळी गेले. मग त्या माणसाचं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काय होत असेल?

याचं उत्तर बाबांच्या बोलण्यात शोधण्यापेक्षा त्यांच्या हातात शोधावं, असं मला वाटतं. खराटा ही फार विचित्र वस्तू आहे. घर बांधलं की बांधून होतं, विहीर खोदली की खोदून होते. झाडणं कधीच होऊन जात नाही. आज अंगण लख्ख केलं तरी रात्रीतून पानं पडणार, उद्या सकाळी पुन्हा कचरा. कुणी म्हणत नाही की काल झाडलं ते फुकट गेलं, आणि नवा कचरा दिसला म्हणून कुणी खराटा मोडून टाकत नाही. १९०५ ते १९५६, एक्कावन्न वर्षं हा माणूस रोज झाडत राहिला. यातल्या कितव्या दिवशी उत्साह संपला असेल? पहिल्याच महिन्यात कधीतरी, असं मला वाटतं. त्यानंतर जे उरलं त्यालाच आपण गाडगेबाबा म्हणतो.

दारू सोडणाऱ्यांना आपण सगळे संकल्पाच्या भाषेत सांगतो, की निश्चय कर, शपथ घे, तोड एकदाची. ती भाषा पहिल्या दिवसाला पुरते. दोनशेव्या दिवसाला खराट्याची भाषा लागते.

खारेपाटणची रात्र

१९२३ साली बाबा आपल्या कोकणात, खारेपाटणला कीर्तन करत होते. तिथं त्यांना निरोप मिळाला, की एकुलता एक उरलेला मुलगा गोविंदा गेला. बाबांनी कीर्तन थांबवलं नाही.

या प्रसंगाकडे चमत्कारासारखं पाहिलं जातं, जणू त्यांना दुःख झालंच नसेल. मला तसं वाटत नाही. बाप होते ते. मला दिसतं ते एवढंच, की ज्या क्षणी माणसाचा तोल जाऊ शकतो, त्या क्षणी त्यांच्या हाताला रोजचं काम होतं आणि भोवती माणसं होती. अठरा वर्षांची सवय त्या रात्री त्यांना धरून राहिली. सवय आनंदाच्या दिवसांत लावायची ती अशा रात्रीसाठी. घरात मृत्यू झाला, नोकरी गेली, कुणी सोडून गेलं, की वर्षानुवर्षं कोरडा राहिलेला माणूस पुन्हा बाटलीकडे वळतो. त्या दिवशी नवा निश्चय करायची ताकद नसते. तेव्हा कालपर्यंत जे रोज केलं तेवढंच कामी येतं.

दुसऱ्यासाठी केलेलं

बाबांनी पुढे काय काय उभं केलं ते पाहा. पूर्णेकाठी ऋणमोचनला घाट. पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा, जी पुढे त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. नाशिक, देहू, आळंदीला धर्मशाळा. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही कर्करोगाच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना आसरा देते. इतकं उभारूनही कुंताबाई आणि सखुबाई झोपडीतच राहिल्या. बाबांनी स्वतःच्या माणसांना त्यातलं काही घेऊ दिलं नाही.

ही सगळी कामं एका जातीची आहेत. अन्नदान म्हणजे रोज चूल पेटवणं, धर्मशाळा म्हणजे रोज अंथरूण घालणं आणि काढणं. एकदा उद्घाटन करून विसरावं असं त्यात काहीच नाही. आणि सगळं दुसऱ्यासाठी. आजच्या श्लोकातलं ते मोठं काहीतरी बाबांना बहुतेक इथंच दिसलं. मूर्तीपुढं ते फार रमले नाहीत. भुकेल्याच्या ताटात त्यांना देव दिसला आणि बाकीच्या गोड्या फिक्या पडल्या.

योगायोग असा, की १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावात दारूनं पोळलेल्या दोन माणसांना हेच वेगळ्या वाटेनं सापडलं. बिल विल्सन काही महिने कोरडा होता. कामासाठी परगावी गेलेला असताना त्याला तल्लफ आली, तेव्हा त्यानं बारकडे जाण्याऐवजी दुसरा दारुडा शोधला. ते डॉ. बॉब स्मिथ. एकमेकांशी बोलता बोलता दोघं सावरले आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू झालं. दुसऱ्याला हात देताना आपला तोल सांभाळला जातो, हा त्यातला गाभा. आपल्याकडे पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं. तिथंही उपचारानंतरच्या पाठपुराव्याला आणि घरच्यांच्या आधाराला मोठं स्थान आहे.

आमच्याकडची वाडी

माझं गाव बोर्ली पंचतन. शेजारी दिवेआगर, पलीकडे श्रीवर्धन. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढलं आणि काही तासांत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. सुरुवातीच्या आठवड्यांत मदतीचे ट्रक आले, कौलं आली, मुंबईहून मुलं आली, कॅमेरे आले. मग सगळे परत गेले. श्रीवर्धनी रोठा सुपारीचं रोप लावलं तर हातात काही यायला पाच-सहा वर्षं तरी जातात. तोवर फक्त शिंपायचं, शेण-पाला घालायचा आणि वाट बघायची. वादळावर बातमी होते. शिंपण्यावर होत नाही.

आमच्या आळीतल्या एका काकांनी त्याच सुमारास दारू सोडली. त्यांच्याच परवानगीनं एवढं लिहितोय. इकडे माडी आहे, गावठी आहे, आणि शनिवार-रविवार पर्यटकांच्या गाड्यांतून उतरणाऱ्या बाटल्या आहेत. त्यामुळे टाळून टाळणार किती. गणपतीत सोडली, दिवाळीपर्यंत काका हवेत होते. भेटेल त्याला सांगायचे. पौषात त्यांचा आवाज खाली आला. म्हणाले, आता सगळं फिकं लागतं रे. काकींना वाटलं, झालं, आता पुन्हा सुरू होणार.

शिमग्याला पालखीच्या रात्री एकदा घेतलीही. दुसऱ्या दिवशी ते घराबाहेर पडेनात. कित्येक महिने वाया गेले, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. काकींनी न बोलता पाण्याची नळी त्यांच्या हातात दिली. रोपं तहानलेली होती, त्यांना काकांच्या आकड्याशी देणंघेणं नव्हतं. तेव्हापासून संध्याकाळी सहा ते आठ काका वाडीत असतात. ती वेळ त्यांनी मुद्दाम निवडली, कारण पूर्वी तीच बसायची वेळ होती. कंटाळा येतो का, असं मी एकदा विचारलं. ते हो म्हणाले, बऱ्याचदा येतो. आणि नळी पुढच्या आळ्यात टाकली.

त्या काकींमध्ये मला सखुबाई दिसल्या. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या घरी वडील किंवा भाऊ या वाटेवर असतील. त्यांनी सोडल्यावर आपण पहिल्या महिन्यात टाळ्या वाजवतो आणि सातव्या महिन्यात विसरतो. खरी गरज सातव्या महिन्यात असते. तेव्हा मोठं भाषण नको असतं. संध्याकाळी सोबत चालायला जाणं, गटारीच्या दिवशी मुद्दाम घरी जेवायला थांबणं, पाय घसरलाच तर उकरून न काढता पुन्हा खराटा हातात देणं, एवढं पुरतं.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. रोज भरपूर पिणाऱ्यानं एका झटक्यात बंद केली तर हातपाय थरथरणं, झटके, भ्रम असे जिवावरचे त्रास होऊ शकतात. तिथं भक्तीच्या जोरावर भागवायला जाऊ नका, डॉक्टर गाठा. बाबांनीही आजाऱ्याला अंगाऱ्याच्या मागे न लागता दवाखान्यातच जायला सांगितलं होतं.

शेवटची वाट

नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याला पोलिसांसमोर बाबांचं शेवटचं कीर्तन झालं. प्रकृती ढासळलेली होती. ६ डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकर गेले, तो घाव त्यांना फार लागला. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलाशी, बाबांनी देह ठेवला. ज्या जिल्ह्यात एका दारुड्याच्या घरी जन्मले, त्याच जिल्ह्यात. मधली सगळी वर्षं महाराष्ट्रभर झाडण्यात गेली. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्या निरक्षर माणसाचं नाव आहे.

आता पुन्हा श्लोकाकडे. गोडी एका दिवसात जात नाही, असं भगवंतच सांगताहेत. म्हणजे सोडल्यानंतर सहा महिन्यांनीही ओढ वाटली, तर ते आपल्या नालायकपणाचं लक्षण नव्हे. मूळ अजून ओलं आहे, इतकंच. त्याला पाणी घालायचं नाही आणि शेजारी दुसरं रोप लावून त्याला रोज घालायचं.

आजचा नेम: दिवसातली आपली सगळ्यात कमजोर वेळ कोणती, ते ओळखा. दारू नसेल तर मोबाइल असेल, राग असेल. त्या वेळेत दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगाचं, हातानं करायचं एक छोटं काम ठेवा. पाणी भरणं, सोसायटीचा जिना झाडणं, आजीला फोन लावणं, काहीही. उद्या कंटाळा येईल. कंटाळ्यासकट करा.

उद्याचं वाचन अध्याय सहावा, श्लोक ३५. मन आवरायला अभ्यास आणि वैराग्य का लागतं, त्याविषयी.

राम कृष्ण हरी.